लिनक्सवर सगळे यूएसबी पोर्ट एकदम बंद पडतात तेव्हा लॉग खालून वर वाचा

कीबोर्ड, माउस, बारकोड स्कॅनर, लेबल प्रिंटर, वजनकाटा, सगळं एकाच क्षणी बंद. स्क्रीनवरचं घड्याळ मात्र पुढे सरकतंय, नेटवर्क चालू आहे, दुसऱ्या टेबलावरून शेअर केलेलं फोल्डरही उघडतंय. मशीन रीस्टार्ट केलं की सगळं जागेवर. मग काही दिवस शांतता, आणि पुन्हा ऐन डिस्पॅचच्या वेळी तोच प्रकार. लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, शेवटी दोन ओळी सापडतात: ‘एक्सएचसीआय होस्ट कंट्रोलर नॉट रिस्पाँडिंग, अझ्यूम डेड’ आणि तिच्या पाठोपाठ ‘एचसी डाइड, क्लीनिंग अप’.

ठाण्यात वागळे इस्टेटला आणि खाडीपलीकडे रबाळे-महापे पट्ट्यात छोट्या गाळ्यांमधली लिनक्स मशीन मी सांभाळतो. ही तक्रार वारंवार येते, आणि बहुतेक वेळा त्या दोन ओळी वाचून कुणीतरी आधीच निकाल दिलेला असतो: ड्रायव्हर खराब आहे, सिस्टिम नव्याने टाका. सिस्टिम नव्याने टाकून हा त्रास कायमचा गेलेला मी पाहिलेला नाही. त्या ओळी ड्रायव्हरने लिहिलेल्या असतात हे खरं, पण म्हणून दोष त्याचाच असतो असं नाही. कंट्रोलरला (यूएसबी पोर्टांचा कारभार पाहणाऱ्या चिपला) हुकूम दिला, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, म्हणून ड्रायव्हरने त्याला मृत धरलं, एवढीच ती नोंद आहे. तो गप्प का झाला, हे त्या ओळींच्या वर लिहिलेलं असतं. तिथपर्यंत कसं पोचायचं ते इथे सांगतो. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपीतली छोटी अक्षरं आणि आकडे वापरा.)

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, की सगळे पोर्ट एकदम का जातात. जुन्या मशीनमध्ये यूएसबीचे दोन-तीन वेगवेगळे कंट्रोलर असायचे: हळू उपकरणांसाठी यूएचसीआय किंवा ओएचसीआय, यूएसबी २ साठी ईएचसीआय. एक अडकला तरी दुसऱ्यावरचा माउस चालत राही. यूएसबी ३ बरोबर एक्सएचसीआय आला. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर २००९ साली कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.३१ मध्ये आला, इतर सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी. या एकाच कंट्रोलरने हळू-जलद सगळ्या उपकरणांचा कारभार हातात घेतला. आजच्या साध्या डेस्कटॉपमध्ये मागचे-पुढचे बहुतेक पोर्ट एकाच कंट्रोलरवर असतात. ऐरोलीच्या पुलावर एक ट्रक बंद पडला की मागे रुग्णवाहिका असो की दुधाचा टेम्पो, सगळेच अडकतात. इथेही एका उपकरणाने कंट्रोलर अडकवला की निर्दोष कीबोर्डही जातो. म्हणून ‘माझा कीबोर्ड मेला’ या तक्रारीत कीबोर्डाचा संबंध क्वचितच असतो.

उलट, एकच उपकरण जात असेल आणि बाकीची चालत असतील, तर हा कंट्रोलरचा प्रश्नच नाही. केबल बदला, पोर्ट बदला, उपकरण दुसऱ्या मशीनला लावून पाहा. बहुधा तिथेच सुटेल.

कीबोर्ड नसताना आत कसं शिरायचं

लॅपटॉपवर हे सोपं आहे, कारण अंगचा कीबोर्ड सहसा यूएसबीवर नसतो. डेस्कटॉपवर मात्र यूएसबी गेलं की हातात काहीच उरत नाही, आणि मग माणूस पॉवर बटण दाबून धरतो. तिथेच सगळा पुरावा पुसला जाण्याची भीती असते. म्हणून ज्या मशीनला एकदा हा त्रास झाला आहे, त्यावर एसएसएच सर्व्हर (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमधून आत येऊ देणारा प्रोग्राम) आजच बसवून ठेवा आणि त्याचा आयपी पत्ता कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. नेटवर्क कार्ड यूएसबीचं नसेल, तर शेजारच्या लॅपटॉपवरून किंवा फोनवरच्या टर्मिनल ॲपमधूनही आत जाता येतं. मदरबोर्डवर जुना गोल पीएस/२ पोर्ट असेल, तर तसा कीबोर्ड मिळवून कायम लावून ठेवा.

आत गेल्यावर पहिलं काम लॉग वाचवायचं: ‘सुडो डीमेसेज -टी’, त्यातला टी मोठा, आणि त्याचं आउटपुट फाइलमध्ये. रीस्टार्ट होऊनच गेलं असेल तर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ आधीच्या बूटचा कर्नल लॉग दाखवतं. तो दिसत नसेल, तर जर्नल फक्त मेमरीत राहतंय. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी तयार करून मशीन एकदा रीस्टार्ट करा. पुढच्या वेळेपासून नोंदी डिस्कवर टिकतील.

आता ‘एचसी डाइड’ शोधा आणि तिथून वर या. निदान एक मिनिट मागे. हे एक मिनिट फार महत्त्वाचं आहे, आणि का ते वागळे इस्टेटमधल्या एका पॅकिंगच्या गाळ्यातल्या मशीनवर नीट दिसलं.

तिथल्या ताई लेबल छापता छापता यूएसबी जातं म्हणून सांगत होत्या, आणि साहजिकच सगळ्यांचा संशय लेबल प्रिंटरवर होता. लॉगमध्ये मात्र प्रिंटरचं नावही नव्हतं. मृत्यूच्या ओळीच्या लगेच वर ‘एक्सएचसीआय होस्ट नॉट रिस्पाँडिंग टू स्टॉप एंडपॉइंट कमांड’ अशी ओळ होती. तिच्या वर ‘यूएएस_ईएच_अबॉर्ट_हँडलर’ अशा ओळींची रांग, आणि त्या सगळ्या बॅकअपच्या बाहेरच्या हार्ड डिस्कच्या नावावर. बॅकअप दुपारी ठरलेल्या वेळी आपोआप सुरू व्हायचा.

झालं होतं असं. डिस्कच्या बॉक्समधली चिप मोठ्या फाइल लिहिताना मध्येच अडकायची. लिनक्स डिस्कच्या उत्तराची साधारणपणे ३० सेकंद वाट पाहतं. तोवर कुणालाच काही जाणवत नाही, स्कॅनर चालतो, लेबलं निघतात. ३० सेकंद संपले की कर्नल म्हणतं, हे काम रद्द करा. ते रद्द करण्यासाठी कंट्रोलरला त्या डिस्कची वाहतूक थांबवण्याचा हुकूम जातो. कंट्रोलर त्यालाही उत्तर देत नाही, ड्रायव्हर आणखी काही सेकंद थांबतो आणि मग अख्खा कंट्रोलर मृत जाहीर करतो. म्हणजे मूळ घटना आणि माणसाला दिसलेला परिणाम यांत अर्ध्या मिनिटाहून जास्त अंतर. तेवढ्या वेळात ताईंनी नवीन लेबल छापायला घेतलेलं असायचं, आणि खापर प्रिंटरवर फुटायचं.

वर येताना आकड्यांकडे लक्ष ठेवा. उणे ११० म्हणजे वेळ संपली, उत्तर आलं नाही. उणे ७१ म्हणजे तारेवरून आलेली माहिती नियमात बसली नाही, आणि ती दिसली की मी आधी केबल, हब आणि पोर्टच्या मागे लागतो. ‘ओव्हर-करंट’ शब्द दिसला तर पोर्टातून जास्त वीज ओढली जातेय किंवा पोर्टातच कुठे शॉर्ट आहे. आणि वर काहीच नसेल, शांत लॉगमध्ये अचानक ‘एचसी डाइड’ आलं असेल, तर संशय वीजबचत, बायोस (मदरबोर्डमध्ये भरलेलं सॉफ्टवेअर) किंवा खुद्द हार्डवेअरवर जातो.

रीस्टार्ट न करता कंट्रोलर उठवणं

काम अडलेलं असतं, म्हणून हेही सांगतो. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा आणि यूएसबी कंट्रोलरची ओळ शोधा. इंटेलच्या बऱ्याच मशीनवर त्याचा पत्ता ००००:००:१४.० असतो, एएमडीवर वेगळा, आणि एकाहून जास्त कंट्रोलरही असू शकतात. त्याखाली वापरातला ड्रायव्हर म्हणून ‘एक्सएचसीआय_एचसीडी’ दिसेल. मग:

इको -एन ००००:००:१४.० | सुडो टी /सिस/बस/पीसीआय/ड्रायव्हर्स/एक्सएचसीआय_एचसीडी/अनबाइंड

दोन सेकंद थांबून हीच ओळ शेवटी ‘अनबाइंड’ऐवजी ‘बाइंड’ लिहून द्यायची. इथलं ‘टी’ हे नुसतं अक्षर नाही, टी-ई-ई अशी तीन अक्षरांची कमांड आहे. ती मध्ये घालण्याचं कारण असं की ‘सुडो इको’ करून बाणाने फाइलीत लिहू गेलात तर बाणाचं काम तुमच्या साध्या परवानगीने होतं आणि नकार मिळतो. ज्या मशीनची मूळ सिस्टिमच यूएसबी डिस्कवर आहे, तिथे हे करू नका. आणि यूएसबीवरच्या डिस्क आधी अनमाउंट करून घ्या.

याने पोर्ट जिवंत झाले तर चांगलंच. नाही झाले, तर ‘एलएसपीसीआय’ पुन्हा पाहा. कंट्रोलरच्या ओळीच्या शेवटी ‘रेव्ह एफएफ’ आलंय का? आलं असेल तर चिप पीसीआय बसवरूनच गायब झाली आहे. वाचायला गेलं की सगळीकडे एफएफ मिळतं. अशा वेळी त्या कंट्रोलरच्या ‘रिमूव्ह’ फाइलीत १ लिहून, मग ‘/सिस/बस/पीसीआय/रीस्कॅन’मध्ये १ लिहून पाहता येतं, पण बऱ्याचदा यालाही यश येत नाही. मग मशीन बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं. नुसतं शटडाउन पुरत नाही, कारण एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो आणि अडकलेली चिप त्याच अवस्थेत राहू शकते. ‘रीस्टार्टने जात नाही, पण रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी चालतं’ या अनुभवामागे हेच कारण असतं.

डिस्कचा बंदोबस्त

गाळ्यातल्या त्या डिस्कसाठी उपाय असा केला. ‘एलएसयूएसबी -टी’मध्ये तिच्यापुढे ड्रायव्हर ‘यूएएस’ दिसत होता. ही डिस्कशी बोलण्याची जलद पद्धत आहे, पण डिस्कच्या बॉक्समधल्या काही चिप तिचं काम धड करत नाहीत. नुसत्या ‘एलएसयूएसबी’मधून त्या बॉक्सचे दोन चार-अंकी क्रमांक घेतले आणि ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीत (‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’) कर्नलच्या ओळीला ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=’ पुढे ते दोन क्रमांक आणि ‘:यू’ असं जोडलं. ‘अपडेट-ग्रब’, रीस्टार्ट. त्यानंतर डिस्क लावली की लॉगमध्ये ‘यूएएस इज इग्नोर्ड फॉर धिस डिव्हाइस’ अशी ओळ आली, म्हणजे सूचना लागू झाली. बॅकअप थोडा सावकाश होतो. माझ्या मते रात्रीच्या किंवा दुपारच्या बॅकअपला त्याने काही बिघडत नाही.

पण तिथे एक दुसरंही दुखणं होतं, आणि ते आपल्याकडच्या गाळ्यांमध्ये इतकं सर्रास आहे की त्यावर जरा थांबतो. प्रिंटर आणि वजनकाटा एका एक्स्टेन्शन बोर्डावर, संगणक दुसऱ्या. पहिल्या बोर्डाला अर्थिंगची पिन होती, पण तार कुठेच पोचत नव्हती. प्रिंटरच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येत. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे उपकरणाच्या अंगावर मेनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजची गळती तरंगत राहते. करंट अगदी थोडा असतो, पण त्याला जायला वाट हवी असते, आणि ती वाट यूएसबी केबलच्या बाहेरच्या जाळीतून संगणकाकडे जाते. शेजारचं कन्व्हेयर किंवा सीलिंग मशीन चालू-बंद झालं की त्याचे झटके त्याच वाटेने येतात. लॉगमध्ये मग उणे ७१ आणि उपकरण डिस्कनेक्ट होऊन लगेच परत जोडलं गेल्याच्या नोंदी दिसतात. मल्टिमीटरने फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या आसपास येतंय का ते पाहायचं. येत नसेल तर अर्थिंग नाही. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः उघड्या बोर्डात हात घालू नका. आणि संगणकाला जोडलेली सगळी उपकरणं एकाच, नीट अर्थिंग असलेल्या बोर्डावर आणा. कितीतरी ठिकाणी ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम’ इथेच निम्मा होतो.

विजेचा हिशोबही करा. यूएसबी २ च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ मधून ९०० मिलिअँपिअर, एवढंच उपकरणाला हक्काने मिळतं. फिरती छोटी हार्ड डिस्क सुरू होताना एक अँपिअरच्या आसपास जाऊ शकते. तिला बिनअडॅप्टरच्या हबवर, स्कॅनर आणि पेन ड्राइव्हच्या जोडीला बसवलं तर ती अडखळणारच. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. वजनकाटा लांब ठेवायला दोन एक्स्टेन्शन केबल एकात एक जोडलेल्या असतात, त्याही काढा. यूएसबी २ ची मर्यादा ५ मीटर आहे आणि यूएसबी ३ ला चांगल्या केबलवरही ३ मीटरच्या पुढे जाऊ नये.

खाडीकाठच्या दमट, खारट हवेचाही भाग आहे. वाशी, कोपरखैरणे, कळवा भागात पावसाळ्यानंतर पुढच्या पॅनेलचे पोर्ट उघडून पाहा, पिनांवर हिरवट थर दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, मशीन पूर्ण बंद असताना. तरीही ‘ओव्हर-करंट’ येत राहिलं तर पुढच्या पॅनेलची केबल मदरबोर्डवरून काढून टाका आणि काही दिवस फक्त मागचे पोर्ट वापरा.

लॉग शांत असेल तर

नेरुळमधल्या एका ऑफिसच्या लॅपटॉपवर स्लीपमधून उठलं की यूएसबी जायचं. अशा ठिकाणी वीजबचतीपासून सुरुवात करायची. कर्नल न वापरल्या जाणाऱ्या उपकरणाला साधारण २ सेकंदांत झोपवू शकतं, आणि टीएलपी किंवा पॉवरटॉप हे वीज वाचवणारे प्रोग्राम बसवले असतील तर ते आणखी आक्रमकपणे झोपवतात. आधी कायमचा बदल न करता तपासा: कंट्रोलरच्या ‘/सिस/बस/पीसीआय/डिव्हायसेस/’ खालच्या डिरेक्टरीत ‘पॉवर/कंट्रोल’मध्ये ‘ऑटो’च्या जागी ‘ऑन’ लिहा आणि काही दिवस बघा. फरक पडला तर कर्नलच्या ओळीत ‘यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-१’ घाला, किंवा टीएलपीच्या फाइलीत त्याचं यूएसबी ऑटोसस्पेंड बंद करा.

इथे बरेच जण फसतात. हीच सूचना ‘मॉडप्रोब.डी’मधल्या फाइलीत लिहायचा सल्ला सगळीकडे मिळतो. पण उबुंटूसारख्या वितरणांत ‘यूएसबीकोर’ कर्नलमध्येच भरलेलं असतं, वेगळं मॉड्यूल म्हणून लोड होत नाही, त्यामुळे ती फाइल कुणी वाचतच नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. ‘/सिस/मॉड्यूल/यूएसबीकोर/पॅरामीटर्स/ऑटोसस्पेंड’ उघडून पाहा. तिथे उणे १ दिसलं तरच बदल लागू आहे.

बायोस अपडेट शेवटचा उपाय समजू नका. २०२१ च्या सुरुवातीला एएमडीच्या ५०० मालिकेच्या मदरबोर्डांवर यूएसबी मध्येच तुटण्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने ते मान्य केलं आणि एजीसा १.२.०.२ या फर्मवेअरमधून दुरुस्ती दिली. तो त्रास विंडोजवरही होता, लिनक्सच्या ड्रायव्हरने त्यात काही करण्यासारखं नव्हतं. तुमचं बोर्ड त्या काळातलं असेल आणि बायोस कधीच बदलला नसेल तर तिथूनच सुरुवात करा. लॅपटॉपवर ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स’ने बऱ्याच कंपन्यांचं नवं फर्मवेअर आहे का ते दिसतं, आणि ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर अपडेट’ने ते थेट बसवता येतं.

आणि हो, काही वेळा दोष खरोखर कर्नलचा असतो. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडून काही दिवस काम करा. जुन्यावर त्रास नाही आणि नव्यावर आहे, हे सिद्ध झालं तरच ड्रायव्हरला दोष द्या. मग वितरणाच्या बग ट्रॅकरवर दोन्ही कर्नलचे आकडे, ‘एलएसपीसीआय -एनएन’चं आउटपुट आणि मृत्यूच्या आधीच्या मिनिटाचा लॉग जोडून तक्रार नोंदवा. एवढं दिलं तर लोक खरंच लक्ष घालतात.

सगळं करूनही महिन्यातून एखाद्या वेळी होतच असेल, तर वेगळं पीसीआय एक्सप्रेस यूएसबी कार्ड घाला. त्रास देणारी डिस्क त्या कार्डावर आणि कीबोर्ड, स्कॅनर, काटा मदरबोर्डच्या पोर्टांवर. दोन स्वतंत्र कंट्रोलर झाले की कार्डावरचा मेला तरी काम अडत नाही, आणि वर सांगितलेलं अनबाइंड-बाइंड फक्त कार्डाच्या पत्त्यावर करता येतं. काही कार्डांवरच्या रेनेसासच्या चिपना सुरू होताना फर्मवेअरची फाइल लागते. ती भरण्याची सोय कर्नल ५.८ पासून, म्हणजे २०२० पासून आहे. जुन्या कर्नलवर असं कार्ड घेताना बघून घ्या.

वागळे इस्टेटच्या मशीनवर मी अनबाइंड-बाइंड करणारी एक छोटी स्क्रिप्ट सिस्टिमडीच्या टायमरवर (ठरावीक वेळाने काम आपोआप चालवणारी सोय) लावली आहे. ‘एचसी डाइड’ दिसलं की ती चालते. मात्र चालण्याआधी ती मागच्या दोन मिनिटांचा कर्नल लॉग तारखेच्या नावाने वेगळ्या फाइलीत टाकते. हे सोडू नका, नाहीतर स्क्रिप्ट दुखणं झाकून टाकते आणि सहा महिन्यांनी डिस्क पूर्ण गेल्यावर कळतं. ते फोल्डर दर आठवड्याला उघडून पाहायचं. पावसाळ्यातला एक महिना आणि उन्हाळ्यातला एक महिना ते रिकामं राहिलं, की स्क्रिप्ट काढून टाकायची.